सासऱ्यांच्या अलमारीतील २१२ पुस्तके क्रमाने वाचते आहे. न पटलेल्या मताचे काय करावे?

वर्धाकाठ

नमस्कार मंडळी.

आमचे गाव आर्वी तालुक्यात आहे. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणत असे, आयुष्यभर खेड्यांतील शाळांमधून मराठी शिकवत राहिले आणि घर व वावर यांचा खर्च भागवून पगारातले जे काही उरे, त्यातून पुस्तके घेत राहिले. दोन वर्षांपूर्वी ते गेले. बैठकीतील सागवानी अलमारीत त्यांची २१२ पुस्तके आहेत. त्यांत 'ग्रामगीता' आणि 'गीताई' आहेत, दासगणूंचे 'गजानन विजय' आहे, सुरेश भटांचा 'एल्गार' आहे, विदर्भ साहित्य संघाच्या 'युगवाणी'चे सुटे अंक आहेत, 'किशोर' मासिकाचे बांधून घेतलेले चार खंड आहेत, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या कृषिसंवादिनी आहेत आणि वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले जाडजूड 'लीळाचरित्र'ही आहे. शेजारी कोण असावे याचा विचार न करता ती लावलेली आहेत. कापसावरच्या पुस्तकाला टेकून कवी ग्रेस उभे आहेत.

मागच्या वर्षी उलंगवाडी झाली, म्हणजे कपाशीची वेचणी संपली, घरातली कामे थोडी कमी झाली, तेव्हा मी ठरवले की वरच्या फळीच्या डाव्या टोकापासून सुरुवात करायची आणि एकही पुस्तक न ओलांडता शेवटपर्यंत जायचे. आजवर ६१ झाली. मामाजींना एक सवय होती. पुस्तक वाचून झाले की शेवटच्या कोऱ्या पानावर ते तारीख आणि एका ओळीचे मत लिहीत. मीही एक वही केली आणि प्रत्येक पुस्तकाला दोन ओळी दिल्या. पहिल्या ओळीत त्यांचे मत उतरवायचे आणि दुसरीत माझे. पुष्कळदा आमचे जमले. जिथे थोडेफार जमले नाही तिथेही मला संकोच वाटला नाही.

मग उद्धव शेळक्यांची 'धग' आली. तिच्या शेवटी मामाजींनी १९६४ साली लिहिले आहे, "भाषा घरची आहे. पुस्तकात यायला नको होती."

मी १९९५ साली लग्न होऊन या घरात आले ती अकोला जिल्ह्यातल्या एका लहान गावातून. 'मले', 'तुले', 'काऊन' हेच माझे बोलणे. मामाजी कधी रागावले नाहीत, परंतु बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसल्या बसल्या हळूच "का म्हणावे, बाई" असे सांगत, आणि मी शिकले. 'धग'मधली कौतिक बोलू लागली तेव्हा मला माझी आजी ओसरीवर बसून बोलते आहे असे वाटले. चार रात्रींत कादंबरी संपवली. माझे मत त्यांच्या अगदी उलट आहे. या कादंबरीतले संवाद प्रमाण भाषेत असते, तर कौतिकचे कष्ट कळले असते, पण कौतिक कळली नसती.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला असा की, ज्या माणसाने मला वाचायला लावले त्याच्या मताखाली मी उलट मत लिहावे का, आणि लिहावे तर पुस्तकात की वहीत? यजमान म्हणतात की बाबांच्या पुस्तकावर काही लिहू नकोस. दुसरा प्रश्न, जी पुस्तके पूर्ण होत नाहीत त्यांचे काय करावे? अशी तीन आहेत. त्यांपैकी एक सदानंद देशमुखांचे 'बारोमास' आहे. ते मी अर्ध्यावर ठेवले आणि ते वाईट आहे म्हणून ठेवले असे मात्र नाही.

पूर्णाकाठ

'धग' १९६० सालची आहे. खेड्यातल्या शिक्षकाने ती चार वर्षांच्या आत मिळवून वाचली, याचेच मला मोठे अप्रूप वाटते. तुमच्या मामाजींना माझा नमस्कार, ताई.

निवृत्त ग्रंथपाल

ताई, मी एका तालुक्याच्या वाचनालयात ३१ वर्षे काम केले, त्या अनुभवावरून लिहितो. पुस्तकात शाईने काहीही लिहू नये. शाई पलीकडच्या पानावर उतरते आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत पसरते. लिहायचेच असेल तर मऊ शिसाच्या पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावे. तुमची वही हा उत्तम मार्ग आहे.

फळीच्या क्रमाने वाचण्याचा तुमचा निश्चय मला फार आवडला. वाचनालयात आम्ही कादंबरी एका बाजूला, काव्य दुसऱ्या बाजूला, शेती तिसऱ्या खोलीत अशी विभागणी करतो, कारण तिथे शोधणाऱ्याची सोय पाहावी लागते. घरच्या अलमारीत पुस्तके ज्या क्रमाने आली त्या क्रमाने राहिली, तर त्या घराचे बरे-वाईट दिवसही त्यात दिसतात. कृपा करून विषयवार लावू नका.

आणखी एक विनंती आहे. जुन्या पुस्तकांवर खाकी कागदाची वेष्टने असतील तर ती एकदा काढून आत पाहावे. पूर्वी वेष्टने खळीने चिकटवीत, आणि कणकेची खळ म्हणजे कसरीला मेजवानी. जाणकार बांधणीवाले खळीत मोरचूद घालत असत, पण घरी लावलेल्या वेष्टनात ते नसते.

माजी मुख्याध्यापक

वर्धाकाठताई, तुमच्या सासऱ्यांच्या बाजूने बोलण्याची परवानगी असावी, कारण मीही त्याच कामात आयुष्य घालवले आहे आणि 'का म्हणावे' हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही.

१९६४ सालचा मराठीचा शिक्षक कोणत्या काळात उभा होता हे पाहावे. मराठी लेखनाचे नवे नियम १९६२ साली लागू झाले होते. त्याआधी आम्ही 'घरांत', 'त्यांत' असे अनुस्वार देऊन लिहायला शिकलो होतो आणि आता तेच अनुस्वार मुलांच्या वहीतून खोडायचे होते. विदर्भ महाराष्ट्रात येऊन चारच वर्षे झाली होती. आमची मुले मुलाखतीला जात आणि पहिल्याच वाक्याला समोरच्यांच्या ओठांवर हसू दिसे. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. चुणचुणीत, गणितात पहिला आलेला मुलगा 'मले' म्हणाला आणि उरलेली मुलाखत त्याने मान खाली घालून दिली. त्या मुलाचा शिक्षक वऱ्हाडी बोलीचा शत्रू नव्हता. आपल्या मुलाला कुणी हसू नये एवढेच त्याला हवे होते, आणि त्यासाठी जे साधन हाताशी होते ते त्याने वापरले.

असा शिक्षक 'धग' वाचतो तेव्हा ज्या शब्दांवर तो दिवसभर वर्गात लाल रेघ ओढतो तेच शब्द त्याला छापलेले दिसतात. त्याला ते आवडले नाहीत, यात मला नवल वाटत नाही.

मेहकरची लेक

सर, तुमचे म्हणणे मला कळते आणि त्या मुलाची गोष्ट वाचून वाईटही वाटले. परंतु हसणाऱ्यांना काही न सांगता बोलणाऱ्यालाच बदलायला लावले, हे मला अजूनही खटकते.

ताराबाई शिंदे आमच्या बुलडाण्याच्या. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपाखाली शिक्षा झाली, त्यावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीविषयी जे काही छापून येत होते त्याचा संताप येऊन त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली आणि ती १८८२ साली पुण्यात छापली गेली. ज्योतीराव फुले यांनी आपल्या 'सत्सार'च्या अंकात त्यांची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. तुम्ही ते मोठ्याने वाचून पाहा. एखादी बाई चुलीजवळून उठून, पदर खोचून, समोरच्याला जाब विचारते आहे तसे ते गद्य आहे. ते कुणी नीटनेटके करून दिले असते तर त्यातला जाब निघून गेला असता आणि नुसते मत उरले असते.

माझ्या संग्रहात ९० पुस्तके आहेत आणि त्यांतली बहुतेक मी जत्रेत, बसस्थानकावरच्या दुकानातून किंवा संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनातून घेतलेली आहेत. २०१९ साली यवतमाळला आणि २०२३ साली वर्ध्याला अखिल भारतीय संमेलन झाले, तेव्हा दोन्हीकडे मी पिशवी भरून आणली. ना. घ. देशपांडे आमच्या मेहकरला वकिली करत. त्यांच्या 'शीळ'मधल्या कविता मला लहानपणापासून ऐकून पाठ होत्या, परंतु कागदावर वाचल्या तेव्हा ओळी किती साध्या आहेत हे पाहून मी थक्क झाले. चाल बाजूला ठेवून कविता वाचणे अवघड जाते. संग्रह नीट वाचायचा असेल तर ओळखीची पुस्तकेसुद्धा अनोळखी असल्यासारखी हातात घ्यावी लागतात.

वर्धाकाठताई, तुम्ही उलट मत अवश्य लिहा.

कोरडवाहू

'बारोमास'विषयी लिहितो. मी घाटाखालचा शेतकरी आहे, साडेसहा एकर कोरडवाहू. त्या पुस्तकाला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा गावातल्या मास्तरांनी मला ते आणून दिले. त्यातला नायक एकनाथ शिकलेला आहे, नोकरी नाही आणि शेतीत भागत नाही. मीही बी.ए. आहे. चाळीस पाने वाचली आणि ठेवून दिले. दोन वर्षांनी पुन्हा घेतले आणि पुन्हा ठेवले. ज्या वर्षी आमच्या पलीकडच्या वावरातल्या माणसाने औषध घेतले, त्या वर्षी मी ते तिसऱ्यांदा उघडले आणि संपवले. संपवल्यावर मन हलके झाले असे मी म्हणणार नाही. एवढेच झाले की त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा काय बोलू नये हे मला कळले होते.

तेव्हा ताई, अर्धवट राहिलेल्या पुस्तकाला 'राहिले' असे न लिहिता 'अजून वेळ आहे' असे लिहावे. उरलेल्या दोन पुस्तकांचे मला ठाऊक नाही.

कृषिसंवादिनी तुम्ही क्रमात धरल्या आहेत, याचा विशेष आनंद झाला. लोक त्यांना पुस्तक मानत नाहीत. माझ्याकडे वडिलांनी ठेवलेली कपाशीवरची जुनी पुस्तके आहेत. एच-४ हे जगातले पहिले व्यावसायिक संकरित कापूस वाण १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून आले. त्यानंतरच्या पुस्तकांत संकरित बियाण्याविषयीचा उत्साह पानापानांवर दिसतो, आणि पुढच्या पुस्तकांत बोंडअळीच्या फवारण्यांची कोष्टके वाढत गेलेली दिसतात. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, त्यानंतरच्या पुस्तकांत ही कोष्टके आखडली. आणि आता गुलाबी बोंडअळीमुळे ती परत आली आहेत. हा आमच्या घराचा इतिहास आहे आणि तो कुठल्याही कादंबरीइतका मन लावून वाचण्याजोगा आहे.

सारसांचे तळे

कोरडवाहू भाऊंचे म्हणणे आमच्याकडच्या पुस्तकांनाही लागू पडते. मी गोंदिया जिल्ह्यातला, नवेगावच्या बाजूचा. माझ्या कपाटात मारुती चितमपल्ली यांची सात पुस्तके आहेत आणि गेल्या वर्षी, १८ जून २०२५ रोजी, ते गेले तेव्हा मी ती सातही पुन्हा क्रमाने वाचायला काढली. वनाधिकारी म्हणून त्यांनी या भागात पुष्कळ वर्षे काढली. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेले आमचे तलाव, त्यांवरचे पक्षी, रानातल्या लोकांची नावे, सगळे त्यांत आहे. बगळ्यांच्या सामुदायिक विणीच्या जागेला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' हे शब्द मी त्यांच्याकडून शिकलो.

मी वाचताना एक केले. पुस्तकात जो पक्षी आला तो आज आमच्या तळ्यावर दिसतो की नाही, याची पेन्सिलीने खूण केली. सारस आता आमच्याकडे बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यामुळे काही पानांवर पुढे जाववेना. माझे मत विचाराल तर 'पक्षी जाय दिगंतरा' हे त्यांचे सर्वांत एकाग्र पुस्तक आहे. 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र मोठे आहे, परंतु त्यात जिथे ते स्वतःविषयी कमी आणि रानाविषयी अधिक बोलतात तो भाग मला अधिक सरस वाटतो. हे मत पुष्कळांना पटणार नाही, याची कल्पना आहे.

अंबानगरी

सारसभाऊ, मला मात्र त्यांचा स्वतःविषयीचा भागच मोलाचा वाटला, कारण तो वाचल्यावर हा माणूस रानात इतका रमला का, हे उमगते. आणि ताई, 'एल्गार' तुमच्या ६१ मध्ये येऊन गेला का? सुरेश भट आमच्या अमरावतीचे. गझल लिहू पाहणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना ते 'गझलेची बाराखडी' पाठवत असत. त्या बाराखडीवर कितीतरी जणांनी लिहायला सुरुवात केली आणि माझे काका त्यांतले एक.

वर्धाकाठ

सर्वांचे मनापासून आभार.

अंबानगरी, 'एल्गार' विसावा होता. मामाजींनी लिहिले आहे, "सभेत ऐकावा. एकट्याने वाचला तर आवाज मोठा वाटतो." मी खाली लिहिले की, एकट्या बाईला रात्री अकरा वाजता कधीकधी मोठाच आवाज हवा असतो.

कोरडवाहू भाऊ, तुमचे उत्तर मी यजमानांना वाचून दाखवले. त्यावर आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. कृषिसंवादिनीच्या समासांत मामाजींनी पावसाच्या तारखा, पेरणी, डवरणी, पहिल्या वेचणीच्या दिवशीची सीतादहीची पूजा, सगळे बारीक अक्षरात टिपले आहे. वाङ्मयीन पुस्तकांत त्यांनी एकेक ओळ लिहिली आणि या संवादिन्यांत मात्र शेकडो ओळी लिहिल्या आहेत. आता त्या मी सावकाश वाचते आहे.

सर, त्या मुलाची गोष्ट वाचल्यावर मामाजींवरचा माझा थोडा राग कमी झाला. राग होता हे लिहायला बसल्यावरच कळले.

मेळघाट

माझे थोडे निराळे आहे. माझी मायबोली कोरकू. ती मराठीच्या कुळातली नाही. मुंडा कुळातली आहे. तुम्ही प्रमाण मराठी आणि वऱ्हाडी यांच्यात जे अंतर सांगता आहात, त्याच्या कितीतरी पट अंतर मी पहिलीत असताना रोज चालत होतो. शाळेत वऱ्हाडी बोलणारा मुलगा मला शहरी वाटत असे.

मधुकर वाकोडे यांची 'झेलझपाट' ही कादंबरी आमच्या लोकांवर आहे. मी ती दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचताना आमचे रान, आमचे सण पुस्तकात आले याचाच एवढा आनंद झाला की बाकी काही दिसले नाही. दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक पानावर मी स्वतःला विचारत गेलो की हे माझ्या आजोबांनी सांगितले असते तर कुठून सुरू केले असते. लेखकाने जीव ओतून लिहिले आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी आतून सांगितलेले आणि शेजारी बसून ऐकलेले यांत फरक राहतोच. माझ्या संग्रहात ४३ पुस्तके आहेत आणि त्यांत कोरकूत लिहिलेले एकही नाही. ती जागा मी फळीवर मोकळी ठेवली आहे.

मेहकरची लेक

मेळघाट दादा, तुमचे लिहिणे वाचून मला माझ्या आधीच्या उत्तरात भर घालावीशी वाटते. मी 'बोलणाऱ्याला बदलायला लावू नये' असे म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त आमची वऱ्हाडी होती. वऱ्हाडी बोलणारेही कुणाला तरी हसले असतील, याचा विचार मी केला नव्हता.

चिरेबंदी

यवतमाळ जिल्ह्यातून लिहितो. महेश एलकुंचवार आमच्याच जिल्ह्यातल्या पारव्याचे. 'वाडा चिरेबंदी' मी पहिल्यांदा वाचले तेव्हा दारात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरपाशी थांबलो, कारण आमच्या अंगणात तसाच एक होता. मोठ्या घरांच्या उतरंडीवर लिहिलेले ते नाटक आणि कौतिकसारख्या बाईच्या रोजच्या खाण्यापिण्याच्या लढाईवर लिहिलेली 'धग', ही दोन्ही एकाच मुलखातली आहेत. ती एकापाठोपाठ वाचावीत असे मी सुचवतो. 'वाडा'तल्या प्रभाला शिकायचे होते आणि तिला शिकू दिले नाही, ही गोष्ट मी माझ्या आत्याच्या आयुष्यात पाहिली आहे.

सेलूकर

एक वेगळा विचार मांडतो. २१२ पुस्तके एका घरात ठेवून ती एकाच व्यक्तीने वाचावीत, यापेक्षा गावात वाचनखोली का करू नये? तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'च्या ४१ अध्यायांत गावाची स्वच्छता, आरोग्य, शिक्षण या सगळ्याची जबाबदारी गावावरच टाकली आहे. ज्यांना ती प्रार्थनेनंतर वाचण्याची पोथी वाटते, त्यांनी तिचे एकेक प्रकरण कामाची यादी म्हणून वाचून पाहावे. ताईंना न आवडलेली पुस्तके तरी दुसऱ्याच्या हाती जावीत.

निवृत्त ग्रंथपाल

सेलूकर, आपला हेतू चांगला आहे, पण आवडलेली ठेवून न आवडलेली देणे हे दान नव्हे. मी वाचनालयात अशा देणग्यांचे गठ्ठे उघडले आहेत. पंचांगे, फाटकी मार्गदर्शके आणि दहावीची जुनी अपेक्षित प्रश्नसंच पुस्तके, यांपलीकडे त्यांत फारसे काही नसे. द्यायचे तर एखादे आवडते द्यावे. शिवाय खोली उघडणे सोपे असते. रोज संध्याकाळी ती उघडी ठेवणारा माणूस मिळणे अवघड असते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेली वाचनालयेही केवळ त्या एका माणसाच्या बळावर चालतात, हे मी जन्मभर पाहिले आहे. असा माणूस आधी शोधावा आणि नंतर अलमारी हलवावी.

रिद्धपूरची वाट

धाग्यात उशिरा येतो आहे, पण ताईंच्या पहिल्या प्रश्नाला एक उत्तर त्यांच्याच अलमारीत आहे असे मला वाटते.

माझे घर मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरजवळ आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी याच परिसरात स्वामींच्या आठवणींचे 'लीळाचरित्र' सिद्ध केले. स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना ते जाऊन भेटले, विचारले, ऐकले आणि नागदेवाचार्यांकडून त्याची शहानिशा करून घेतली. मराठीतला हा पहिला गद्य ग्रंथ तेराव्या शतकातला आहे. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, त्यामुळे ते शतकानुशतके मठांबाहेर गेले नाहीत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली आणि कोलत्यांनी आयुष्य वेचून पोथ्या ताडून पाहिल्या. तुमच्याकडे असलेली त्यांची संपादित आवृत्ती १९७८ सालची असावी.

आता मुद्दा. एकच प्रसंग दोन जणांनी निराळा सांगितला असेल, तर 'लीळाचरित्रा'त निराळे पाठ ज्याचे त्याच्या नावाने नोंदवलेले आढळतात. ज्यांच्यावर म्हाइंभटांची अपार श्रद्धा होती अशा माणसांच्या आठवणी ते लिहीत होते, तरी त्यांनी त्यांतली एक आठवण खरी आणि दुसरी खोटी ठरवून पुसून टाकली नाही. त्यात कुणाचा अनादर झाला असे कुणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तुमच्या वहीतल्या दोन ओळी मला त्याच जातीच्या वाटतात. फक्त दोन्हींसमोर नाव आणि तारीख अवश्य लिहा, कारण १९६४ साली एका शिक्षकाने काय म्हटले आणि साठ वर्षांनी त्याच घरातल्या सुनेने काय म्हटले, यातले अंतरही पुढे वाचणाऱ्याला कळायला हवे.

माजी मुख्याध्यापक

रिद्धपूरकर, हे मला पूर्णपणे पटले. मी माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवर लाल शाईने जे लिहिले त्याखाली त्यांना काही लिहायला जागा ठेवली नव्हती, हे आज जाणवते.

मी काल वाचनालयातून 'धग' आणली आहे. यापूर्वी वाचलेली नव्हती. नावानेच माहीत होती.

पूर्णाकाठ

सर, संवाद मोठ्याने वाचा. डोळ्यांनी वाचले तर अडखळायला होते, कानांनी वाचले तर होत नाही.

वर्धाकाठ

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहिते आहे. मध्ये सोयाबीनची कामे होती.

ग्रंथपाल सरांच्या सांगण्यावरून मी सगळी खाकी वेष्टने काढली. १४ पुस्तकांना कसर लागली होती, ती वेगळी करून सावलीत पसरली. 'धग'चे वेष्टन फारच जुने होते, ते काढताना हातातच त्याचे तुकडे झाले. आतल्या पुठ्ठ्यावर मामाजींच्या अक्षरात तीन तारखा होत्या. पहिली १९६४ ची, जी शेवटच्या पानावरही आहे. दुसरी १९७९ ची. तिसरी ११ जून १९९६, निराळ्या शाईत. दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेसमोर मत नाही. इतर कुठल्याही पुस्तकावर मला एकापेक्षा अधिक तारखा सापडल्या नाहीत. 'गीताई'वरही नाही, जी ते रोज म्हणत.

मी यजमानांना दाखवले. त्यांनी पुष्कळ वेळ ते पान हातात धरले आणि मग सांगितले की, लिही, पण बाबांच्या तीनही तारखा आधी उतरव.

त्याप्रमाणे वहीत त्यांचे नाव, तीन तारखा आणि त्यांचे एक वाक्य लिहिले. खाली माझे नाव, तारीख आणि माझे मत लिहिले. मत वऱ्हाडीत लिहिले आहे. पुस्तकाला मी पेन्सिलही लावली नाही.

'बारोमास'समोर 'अजून वेळ आहे' असे लिहिले. इतर दोन अर्धवट पुस्तकांसमोर, ती का सोडली याची कारणे लिहिली आहेत. सेलूकर दादा, वाचनखोलीसाठी माणूस शोधते आहे. आमच्या गावातली बारावी झालेली एक मुलगी रोज संध्याकाळी दोन तास बसायला तयार आहे. पहिले पुस्तक मी 'एल्गार' देईन, ते मला फार प्रिय आहे.

बासष्टावे पुस्तक 'किशोर'चा पहिला खंड आहे. त्यात १९७१ च्या नोव्हेंबरपासूनचे अंक असावेत असे पुठ्ठ्यावर लिहिले आहे, परंतु पहिल्या अंकाची शेवटची आठ पाने गळाली आहेत. कुणाकडे तो अंक असेल तर कृपया कळवावे.

निवृत्त ग्रंथपाल

आमच्या वाचनालयात तो अंक असण्याचा संभव आहे. सोमवारी जाऊन पाहतो आणि असल्यास त्या आठ पानांच्या छायाप्रती काढून पाठवतो. छायाप्रती खळीने चिकटवू नका, नुसत्या आत ठेवा.